शाश्वत साहेब कधी येणार?

आमच्या रिपोर्टात किश्शांना जागा नसते. 'उद्दिष्ट', 'कार्यवाही' आणि 'फलनिष्पत्ती' एवढं लिहून झालं की रिपोर्ट संपला. मग जे उरतं ते जातं कुठे? तर आमच्या जीपमध्ये! सुरगाण्याहून नाशिकला परत येताना घाट लागला की मोबाईलची रेंज जाते, आणि रेंज गेली की कुणीतरी सुरू करतंच, "आज काय झालं माहितीये का?" इंदिरानगरच्या ऑफिसपाशी उतरेपर्यंत एक नवा किस्सा तयार! इतके साठलेत, की ऑफिसात नवीन माणूस आला की आम्ही त्याला आधी किस्से ऐकवतो, रिपोर्ट नंतर देतो. काम काय आहे ते त्याला त्यातूनच लवकर कळतं.

तर काम असं. सुरगाणा तालुक्यातल्या काही गावांना त्यांच्या भोवतालच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळालाय. जंगल राखायचं गावानं, त्यातला मोह, बांबू, रानभाज्या घ्यायच्या त्याही गावानं. फक्त घ्यायचं अशा बेतानं, की पोराबाळांच्या वेळीही ते जंगल उरलेलं असेल. हा बेत गावाबरोबर बसून ठरवायचा, ही आमची नोकरी.

आम्ही म्हणजे तिघं. मी मेघा, जन्मापासून नाशिक शहरातली. प्रसाद, आमचा नकाशेवाला. हातात जीपीएस नसेल तर त्याला ऑफिसचं बाथरूमही सापडत नाही. आणि भास्करकाका, आमचे ड्रायव्हर, चांदवडचे. घरी कांद्याची शेती, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट काका आधी कांद्याशी ताडून बघतात, मग तिच्यावर मत देतात.

गावं बरीच आहेत. पण किस्से म्हटलं की आमची गाडी आपोआप चिंचदरीलाच वळते.

* * *

चिंचदरीतली आमची पहिलीच बैठक. शाळेच्या ओट्यावर सगळं गाव जमलेलं. मी आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं होतं. तेच ठोकलं!

"आता इथून पुढे शाश्वत व्यवस्थापन येणार. शाश्वत व्यवस्थापन आलं की बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा हे ठरेल. शाश्वत व्यवस्थापनामुळे वणवे कमी होतील..."

लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, काय रंगलंय भाषण! शेवटी मी विचारलं, "काही शंका?"

लक्ष्मणदादा उठले. हे पुढे वनसमितीचे अध्यक्ष झाले; तेव्हा नुसतेच लक्ष्मणदादा होते. डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले, "ताई, बोलल्या ते समदं पटलं. पण हा शाश्वत साहेब येणार कधी?"

मी प्रसादकडे पाहिलं.

"नाय म्हंजे, आधी एक साहेब आला, तो खड्डे करून गेला. मंग दुसरा आला, तो म्हणला खड्डे बुजवा. आता हा शाश्वत साहेब. हा तरी टिकंल ना?"

प्रसाद पाणी पीत होता. ते सगळं त्याच्या टॅबवर आलं.

मी घाईघाईने खुलासा केला, की दादा, शाश्वत म्हणजे कोणी माणूस नाही. शाश्वत म्हणजे टिकणारं, कायम राहणारं.

दादांनी मान डोलावली आणि मागे वळून गावाला समजावून सांगितलं, "ताई म्हणत्यात, कायम राहणारा साहेब हाय. असा आपल्याकडं अजून आला नाय. बघू तरी!"

त्या दिवसापासून प्रसादचं गावातलं नाव 'शाश्वत साहेब' पडलं. आणि गंमत म्हणजे तो ओ देतो!

* * *

जंगल राखायचं तर आधी हद्द ठरवायला हवी. चिंचदरी आणि शेजारचा बोरीपाडा यांच्या मध्ये एक टेकडी आहे आणि टेकडीवर मोहाचं एक भलंमोठं झाड. हे झाड कुणाचं, यावरून दोन्ही गावांचं जुनं भांडण. एकदा त्यात डोकं फुटलं होतं म्हणे. ज्याचं फुटलं तो म्हातारा अजून खूण दाखवतो.

उन्हाळ्याची सुरुवात. सकाळी दोन्ही गावची पंचमंडळी टेकडी चढायला लागली. एकमेकांशी बोलत कुणी नव्हतं. मध्ये जीपीएस घेतलेला प्रसाद आणि मागे मी, मनातल्या मनात देवाचं नाव घेत. भास्करकाका म्हणाले, "ताई, काही झालं तर गाडी मी वळवूनच ठेवलीये."

झाडापाशी पोचलो तर खाली फुलांचा सडा आणि त्यात एक बाई पाटी घेऊन फुलं वेचत बसलेली. रंजनाबाई. आमच्याकडे तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

बोरीपाड्याचे म्हणाले, "झाड आमचं."

चिंचदरीचे म्हणाले, "कसं काय तुमचं?"

आवाज चढायला लागले. एकानं काठी आपटली. तेवढ्यात रंजनाबाई पदराला हात पुसत उठली आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"माझं माहेर बोरीपाडा. लहानपणी आईसंगं याच झाडाखाली फुलं वेचली. सासर चिंचदरी. लग्न झालं तरी याच झाडाखाली वेचते. मंग माझं माहेर कुठं संपतं नि सासर कुठं चालू होतं, ते त्या यंत्राला इचारा!"

सगळे प्रसादकडे बघायला लागले. प्रसादनं जीपीएस हलवला, उलटा केला, आकाशाकडे धरला. मग खाली मान घालून म्हणाला, "सिग्नल येत नाहीये."

आधी बोरीपाड्याचा डोकं फुटलेला म्हातारा हसला. मग सगळेच हसले. मग तिथंच, फुलांवर बसून ठरलं, की झाड दोन्ही नकाशांत दाखवायचं आणि फुलं दोन्हीकडच्या बायकांनी बरोबर वेचायची. फांदी तोडायची नाही, खाली जाळ करायचा नाही, हेही त्याच झपाट्यात ठरलं. मी महिनाभर खपून जे पटवणार होते ते!

उतरताना भास्करकाका दोनदा वळून झाडाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडं बांधावरच्या एका बाभळीपायी दोन भाऊ कोर्टात उभे आहेत. ताई, या गावातली एखादी पोरगी चांदवडला सून म्हणून मिळेल का बघा ना!"

* * *

भात निघालं, नागली निघाली की चिंचदरीतली निम्मी घरं कुलूप लावून द्राक्षबागांच्या कामाला जातात. नेमकं त्याच वेळी गावाला एक मोठा निर्णय घ्यायचा होता. उत्तरेकडच्या उतारावर बांबूचे नवे कोंब येत होते आणि गुरं, बकऱ्या ते खाऊन टाकत होत्या. तो उतार चराईला बंद करायचा की नाही?

गावात उरलेले लोक म्हणाले, "आम्ही कसं ठरवायचं? गुरं त्यांचीबी हायेत. उद्या येतील नि म्हणतील, आम्हाला इचारलं का?"

बरोबरच होतं. मग ग्रामसभा नंतर घ्यायची, पण आधी गेलेल्यांना जाऊन भेटायचं असं ठरलं. आम्ही लक्ष्मणदादा आणि त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, जीपमध्ये घातलं आणि निघालो दिंडोरीकडे. बागेत पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. द्राक्षांच्या मांडवाखाली सगळे भाकरी खायला बसलेले. तिथंच बैठक सुरू!

बागेचे मालक आधी लांब उभे होते, हाताची घडी घालून. आपले मजूर फितवायला कोण शहरातली बाई आलीये म्हणून. मग जरा जवळ आले. मग एक रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसले.

विरोध होता काळूदादांचा. गावात सर्वांत जास्त बकऱ्या त्यांच्याच. ते म्हणाले, "बांबू होईल तवा होईल. बकरी आज ओरडती, तिला काय सांगू?"

यशोदाबाईंनी समजावलं, दक्षिणेकडचा उतार मोकळाच राहणार आहे. तरी काळूदादा मान हलवेनात. "दोन-तीन पावसाळे नुसतं राखायचं? हाताला काय नाय, नि राखायचं?"

तेवढ्यात क्रेटवरून आवाज आला, "मग आम्ही काय करतो रे काळू?"

सगळे वळले. मालक उठून उभे राहिले होते. "ही बाग लावली तेव्हा पहिल्या वर्षी एक मणी तरी दिला का हिनं? पोरासारखी सांभाळली. तूच तर बांधली होतीस तारेवर! तेव्हा नाही म्हणालास, आज फळ नाही तर बांधू कशाला?"

काळूदादा भाकरी हातात धरून बराच वेळ वर मांडवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. पण दक्षिणेचा उतार मोकळा म्हंजे मोकळा!"

यशोदाबाईंनी लगेच विचारलं, "उतार बंद करायला कोण कोण राजी हाय? हात वर करा."

सगळे हात वर झाले. लक्ष्मणदादांनी एकेका हाताकडे नजर फिरवली आणि थांबले.

"मालक, तुम्ही हात खाली घ्या. तुम्ही आमच्या गावचे नाय."

"अहो, पण मला पटलंय ना!" मालक म्हणाले. आणि हात काही खाली घेतला नाही!

* * *

पूनमची ओळख करून द्यायला हवी. ती वनखात्याची वनरक्षक. गावाच्या भाषेत 'गार्डबाई'. मोटरसायकलवर एकटी जंगल पालथं घालते. पूर्वी गार्ड म्हटलं की लोक कुऱ्हाड लपवायचे, आता चहा टाकतात. हे श्रेय निम्मं पूनमचंच.

तिनं एकदा पाणवठ्याच्या वाटेवर ट्रॅप कॅमेरा बांधला. समोरून काही हललं की हा आपोआप फोटो काढतो. रानात कोणते प्राणी आहेत ते गावालाही कळावं, म्हणून. काही दिवसांनी कार्ड काढून आणलं आणि शाळेत प्रसादच्या लॅपटॉपवर सगळे बघायला बसले.

पहिला फोटो, काळूदादांची बकरी. दुसरा, तीच बकरी, जवळून. तिसऱ्यात पूनमचे स्वतःचे बूट.

मग मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका, दचकलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बायका, पण केस विंचरलेले, ओळीत उभ्या! तिसऱ्या दिवशी नवी लुगडी. चौथ्या दिवशी रंजनाबाई एकटीच, दगडावर बसून, कुणाचा तरी गॉगल लावून. एक समोरून, एक डावीकडून, एक लांब कुठेतरी बघताना.

अधूनमधून गावातले म्हातारे बुधाबाबा. रोज सकाळी यायचे आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभे!

पूनमनं विचारलं, "बाबा, नमस्कार कुणाला?"

"तू म्हणलीस ना, सरकारनं लावलाय. मंग केलेला बरा."

हसून हसून पुरेवाट झाली. प्रसादनं पुढचा फोटो उघडला आणि हसणं एकदम थांबलं.

बिबट्या. पहाटेचा उजेड, अंग भरलेलं, देखणं जनावर. आणि बसला होता तो नेमका त्याच दगडावर, ज्यावर रंजनाबाई बसली होती. तोंड कॅमेऱ्याकडे!

 बायका एकमेकींचे हात धरून बघत होत्या. हा इतका जवळ फिरतो, आणि आपण रोज त्याच वाटेनं येतो. भीती तर होतीच. पण बुधाबाबा हळूच म्हणाले, "हाय म्हंजे. अजून हाय." आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या तरुणपणी दिसायचा, मग कित्येक वर्षं दिसला नव्हता.

बायकांनी आपापल्या फोटोंच्या प्रिंट मागितल्या. आम्ही नाशिकहून काढून आणल्या. रंजनाबाईनं बिबट्याचीही मागून घेतली आणि घरच्या फोटोंच्या रांगेत, सासऱ्यांच्या शेजारी लावली.

मागे तिच्याकडे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "हा कोण?"

रंजनाबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "शेजारी हाय."

* * *

पावसाळ्यात आम्ही इंदिरानगरमध्ये आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रानभाज्यांचा स्टॉल लावला. गावच्या बायका आणि शहरातले लोक समोरासमोर यावेत, एवढाच हेतू. यशोदाबाई कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन बसल्या होत्या.

आमच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू आल्या. काकू भाजी घेताना भाजीवाल्याची मुलाखत घेतात. मंडईतले लोक त्यांना ओळखून आहेत.

"कुठली भाजी?"

"जंगलातली."

"पाणी कुठलं?"

"पावसाचं."

"फवारणी?"

"कोण करणार?"

"आणि खत? खत कोणतं घालता?"

यशोदाबाईंनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "आम्ही काय घालत नाय. पण तिकडं बिबट्या फिरतो. तो काय घालून जात असंल तर ठाऊक नाय."

 मला वाटलं, संपलं! आता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडणार.

काकूंनी पिशवी पुढे केली. "दोन जुड्या द्या."

अर्ध्या तासानं मी चहा घेऊन खाली आले तर काकू स्टॉलच्या आतल्या बाजूला, यशोदाबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगताहेत, "घ्या हो, घ्या! असं खत मंडईत मिळायचं नाही!"

* * *

चिंचदरीनं जंगलाचे नियम स्वतः केले. उभं झाड विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा पहिला. राखणीला रोज दोन घरं, आळीपाळीनं. हे सगळं लक्ष्मणदादांनी अध्यक्ष म्हणून, खुर्चीवर उभं राहून वाचून दाखवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

त्याच पावसाळ्यात दादांच्या गोठ्याची मेढ, म्हणजे आधाराचा खांब, मोडली. छप्पर एका बाजूला कलंडलं, खाली गाय व्यालेली. दादांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेतली आणि गेले रानात. एक सागाचं सरळसं झाड पाडलं, खांद्यावर घेतलं आणि वळले, तर समोर राखणीची बाई काठी घेऊन उभी.

यशोदाबाई. त्यांचीच बायको!

दादा म्हणाले, "अगं, आपल्याच गोठ्याला हाय."

यशोदाबाई म्हणाल्या, "घरी असते तवा मी तुमची बायको. इथं मी राखण हाय. खाली ठेवा."

आणि अध्यक्षांना पुढे घालून, खोड त्यांच्याच खांद्यावर देऊन, भर गावातून आणलं.

दुसऱ्या दिवशी सभा. आम्हालाही निरोप आला होता. गाव गंभीर होतं. लोक कुजबुजत होते, की आज जर हे दाबलं गेलं तर उद्या नियम कुणी पाळायचा नाही. पण दादांसारख्या माणसाला बोलायचं कसं, हाही प्रश्न. खुर्चीवर दादा स्वतःच! कारण सभा अध्यक्षांनीच चालवायची, हाही त्यांचाच नियम.

दादांनी घसा साफ केला. "सभा चालू करू. कालच्या बाबतीतला आरोपी पुढं यावा."

कुणीच हलेना. मग दादा खुर्चीवरून उठले, खाली आले, टोपी काढली आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"आलो," म्हणाले.

परत वर जाऊन बसले. टोपी घातली. "झाड तोडलं का?"

खाली आले. टोपी काढली. "तोडलं."

वर. टोपी. "इचारलं व्हतं का कुणाला?"

खाली. "नाय. गाय ओली व्हत व्हती. वासरू लहान हाय."

वर. यावेळी दादांनी टोपी दोनदा नीट केली. मग आवाज चढवून म्हणाले, "समद्यांच्याच गाई हायेत! इचारलं असतं तर गावानं नाय म्हणलं असतं का?"

खाली आले. खालच्या आवाजात म्हणाले, "नसतं म्हणलं. चुकलं."

आतापर्यंत हसू दाबणारे लोक आता खाली बघायला लागले. बुधाबाबांनी मान फिरवली.

शिक्षा ठरली. पावसाळा संपेपर्यंत राखणीच्या पाळीला दादांनीही जायचं, यशोदाबाईंच्या हाताखाली, त्या सांगतील तसं. आणि गावानं त्याच दुपारी मिळून गोठ्याचं छप्पर उभं केलं. मेढ म्हणून तेच खोड वापरलं, पण सभेची परवानगी घेऊन!

सगळं संपल्यावर दादा खुर्चीवरून उठता उठता म्हणाले, "आरोपीला अजून काय सांगायचंय का?"

खाली आले, टोपी काढली आणि म्हणाले, "अध्यक्ष लय कडक हाय. पुढल्या बारीला दुसरा निवडा."

पुढच्या निवडणुकीत सगळ्यांनी परत त्यांनाच निवडलं.

* * *

आणि आता सोमनाथचं लग्न.

सोमनाथ हा गावच्या वणवा विझवणाऱ्या तुकडीचा म्होरक्या. दर हिवाळ्याच्या शेवटी ही पोरं जाळरेषा काढतात, म्हणजे जंगलाच्या कडेनं पालापाचोळा झाडून मातीचा उघडा पट्टा करतात, वणवा आला तर तिथं अडावा म्हणून. सोमनाथचा त्या रेषेवर फार जीव. लग्न ठरवायला गेला तेव्हा मुलीशीही तो त्या रेषेबद्दलच बोलला होता, असं त्याचे मित्र सांगतात.

मुलगी सविता, पेठ तालुक्यातल्या एका गावची. भर उन्हाळ्यातलं लग्न, मांडव चिंचदरीलाच. आम्ही तिघंही गेलो होतो. डीजेवाल्याचा पिकअप दणदणत होता, वऱ्हाड जेवायला बसलं होतं, नवरदेव नव्या ब्लेझरमध्ये घामाघूम. आतल्या खोलीत नवरी मुंडावळ्या बांधून तयार. मुहूर्त अगदी जवळ आलेला.

तेवढ्यात पूनमची मोटरसायकल मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. तिनं नुसता हात वर करून दाखवलं. उत्तरेच्या उतारामागून धूर येत होता.

त्या उतारावर बांबू होता. दोन-तीन पावसाळे राखलेला, आता कुठे माणसाच्या उंचीएवढा झालेला.

लक्ष्मणदादांनी डीजेवाल्याच्या हातातला माईक घेतला. "गाणं बंद कर. वणवा आलाय. जेवत असाल ते हात धुवा."

सोमनाथ उठला. सासरे आडवे आले. "जावईबापू, मुहूर्त! बाकीचे जातील की!"

सोमनाथनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा धुराकडे.  मग वाकून त्यांच्या पाया पडला आणि मुंडावळ्यांसकट पिकअपवर चढला. त्याच्या मागे सगळी पोरं. आणि मग, कुणी न सांगता, मुलीकडचेही! भास्करकाकांनी जीप भरली आणि निघाले. प्रसाद टॅब माझ्या हातात देऊन धावला. बायका हंडे घेऊन नाल्याच्या वाटेनं निघाल्या, मीही त्यांच्यात.

आगीपाशी पोचलो. हिरव्या फांद्यांनी झोडपायचं, मागे सरायचं, परत झोडपायचं. सोमनाथ ओरडून ओरडून माणसं पांगवत होता. "वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका! रेषेवर या, रेषेवर!" रेषेवर आग अडली. फक्त नाल्यापाशी ठिणग्यांनी पलीकडे उडी घेतली आणि एक क्षण वाटलं, बांबू गेला! पण तिथं धुरात काही बायका आधीच उभ्या होत्या. त्या हटल्या नाहीत. त्यांनी ती आग तिथंच ठेचली.

उन्हं उतरायला आली तेव्हा धूर बसला. बांबू वाचला होता.

सगळे परत मांडवात आले. कोण कुठल्या बाजूचा, ओळखू येत नव्हतं; सगळी तोंडं सारखीच काळी. सोमनाथच्या ब्लेझरची एक बाही जळून गेली होती. सासरे मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. सोमनाथ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "चुकलं असंल तर..." म्हणाला आणि थांबला.

तेवढ्यात आतून सविताची आई किंचाळत बाहेर आली. "पोरगी नाय! खोलीत पोरगी नाय!"

एकच गोंधळ! सासरे ताडकन उठले. "गेली! रागानं निघून गेली माझी पोर! मुहूर्तावर सोडून गेलास, आता बस!" सोमनाथचा चेहरा काजळीतूनही पांढरा पडलेला दिसला. पोरं रस्त्याकडे पळाली. डीजेवाला पिकअप चालू करायला धावला.

आणि नाल्याच्या वाटेनं शेवटच्या बायका येताना दिसल्या. सगळ्यांच्या मध्ये एक पोरगी, हिरवा शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, तोंड काळं, मुंडावळी एका कानाला लोंबतेय, हातात अर्धी जळालेली फांदी.

 ती सरळ चालत आली आणि सोमनाथच्या समोर उभी राहिली. फांदी खाली टाकली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि म्हणाली,

"नाल्यापाशी तुमची रेषा लय अरुंद हाय. पुढल्या साली मी काढीन."